पाळणा लांबवायचाय? ऑपरेशन हा एकच मार्ग नाही. गावातल्या उपकेंद्रात काय मिळतं, वाचा सविस्तर

सोलापूर : दोन लेकरं झाली की 'आता ऑपरेशन करून घे' असं बाईला घरातून सांगितलं जातं. पहिल्या आणि दुसऱ्या लेकरात अंतर कसं ठेवायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. पुरुषाने काही करायचं असतं, हा विषय तर निघतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सुमारे ३८ टक्के विवाहित महिलांची नसबंदी झाली आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण मात्र अवघं ०.३ टक्के आहे. सरकारी दवाखान्यात साधनं अनेक आहेत आणि ती मोफत आहेत. माहिती पोहोचत नाही, तिथंच गाडं अडतं.

शंभर वर्षांपूर्वीची सुरुवात

या कामाची सुरुवात मराठी माणसानेच केली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखानाही त्याच वर्षी उघडला. या कामापायी कर्वे यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली, तरी १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. पुढे १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम घेणारा भारत जगातला पहिला देश ठरला. १९९४ च्या कैरो परिषदेत जगातल्या देशांनी मान्य केलं की, मूल कधी आणि किती, हे त्या जोडप्याने आणि त्या बाईने ठरवायचं. सरकारने आकडा लादायचा नाही.

कोणती साधनं मिळतात?

निरोध आणि माला-एन गोळ्या : आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मिळतात. लैंगिक आजारांपासून बचाव फक्त निरोधनेच होतो.

छाया गोळी : यात हार्मोन नसतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी, नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी एक. सुरुवातीला पाळी पुढे-मागे होते, कधी बंदही होते. त्याने 'रक्त आत साठतं' हा गैरसमज आहे. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, हे आधीच लक्षात घ्यावं.

तांबी : प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षं चालते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवता येते. नको वाटली की काढून घेता येते.

पुरुष नसबंदी : बिनटाक्याची, काही मिनिटांची शस्त्रक्रिया आहे. माणूस त्याच दिवशी घरी जातो. ताकद कमी होत नाही. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरावा आणि नंतर वीर्य तपासून घ्यावं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी काय करावं?

सोलापूर हा कारखान्यांचा जिल्हा. हंगामात बीड आणि इतर भागांतून टोळ्या इथं येतात आणि बाईचा दवाखाना गावाकडे राहतो. पाळीच्या त्रासात खाडा झाला की मजुरी बुडते. म्हणून अनेकजणी थेट गर्भपिशवी काढण्यापर्यंत जातात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्याचं जे सर्वेक्षण आलं, त्यात १३ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भपिशवी काढल्याचं दिसलं.

अंगावरून पांढरं जाणं किंवा पाळीचा त्रास, यावर बहुतेक वेळा आधी औषधोपचार होतो. त्यामुळे ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्यावं. माता व बाल संरक्षण कार्ड आणि अंतराचं कार्ड सोबत ठेवावं. फडाजवळच्या उपकेंद्रात कार्ड दाखवून तपासणी, लस, इंजेक्शन घेता येतं. अंतराची तारीख हुकली तरी चार आठवड्यांपर्यंत पुढचा डोस घेता येतो.

गर्भपात : कायदा काय म्हणतो?

गर्भपात १९७१ च्या कायद्याने, ठरावीक कारणांसाठी, वैध आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक गटांतील महिलांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. साधन निकामी ठरलं, हे कारण आता अविवाहित महिलेलाही लागू आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. १८ वर्षांखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत. अर्धवट गर्भपात झाला तर रक्तस्राव जिवावर बेततो. अशा वेळी लगेच १०८ ला फोन करावा. गर्भलिंग तपासणी हा मात्र गुन्हाच आहे. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

कुठं जायचं?

आधी आशाताई किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाई, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढे ग्रामीण किंवा पंढरपूरसारखं उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी सोलापूरचं सिव्हिल. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं आणि ने-आण यांनाही पैसे लागत नाहीत.

साधन कोणतंही निवडा, पण नवरा-बायकोने दोघांनी मिळून जावं. नर्सबाईंना फायदे विचारावेत, तसा त्रासही विचारावा. आणि ज्या बाईच्या शरीराचा प्रश्न आहे, तिचं 'हो' किंवा 'नको' शेवटचं मानावं.