पनवेलची औषधपरंपरा आणि स्टेरॉइडची साखर

पनवेलच्या औषधव्यवसायाला मोठा आधार मिळाला तो १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी सुरू केलेल्या श्री धूतपापेश्वर या आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यामुळे. मधुमेहावर तेव्हा पथ्य, काढे व रसौषधी हेच उपाय होते. इन्सुलिन १९२२ मध्ये आले. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवातावर कॉर्टिझोन हे स्टेरॉइड वापरले आणि पुढे सांध्यात स्टेरॉइडची इंजेक्शने रूढ झाली. स्टेरॉइडमुळे यकृत रक्तात अधिक साखर सोडते व इन्सुलिनचा प्रभाव घटतो. म्हणून एका इंजेक्शननंतरही मधुमेहींची साखर काही दिवस चढी राहू शकते. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य आजार फैलावला, तेव्हा अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइड यांची जोडी अनेकांना घातक ठरली. इंजेक्शनपूर्वी डॉक्टरांना मधुमेहाची माहिती देणे आणि नंतर साखर वारंवार तपासणे, हीच यातली खरी खबरदारी.