कंदील रंगवा, पण त्यावरचं नाव बुजवू नका!

सध्या हायवेवरच्या हॉटेलांत जुने कंदील टांगायची फॅशन आली आहे. हौस चांगलीच आहे. भंगारात जाण्यापेक्षा वस्तू नजरेसमोर राहते. पण परवा एका ठिकाणी पाहिलं, कंदिलावर सोनेरी स्प्रे मारलेला. टाकी, टोपी, कडी सगळं सोनेरी. टाकीवर ठशाची अक्षरं होती, ती बोटांनी चाचपून कशीबशी लागली: प्रभाकर.

मंडळी, आपण कराड तालुक्यातली माणसं. हे नाव आपल्याला तरी चाचपून वाचायची वेळ येऊ नये.

एके काळी कंदीलसुद्धा परदेशातून यायचा. अमेरिकेचा डीट्झ, ऑस्ट्रियाचा डिटमार. काचही बाहेरचीच. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागून पैसाफंड उभा केला. टिळकांनी त्याला बळ दिलं आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. नुसती काच करणं एवढाच त्याचा हेतू नव्हता, काच करणारी माणसं तयार करायची होती.

पुढे 1916 साली ओगले बंधूंनी आपल्याकडे काच कारखाना काढला. जागा दिली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. किर्लोस्करवाडीसुद्धा याच संस्थानातली, हे विसरू नका. आधी काच, मग कंदील. त्याला नाव दिलं वडिलांचं, प्रभाकर. कारखान्याभोवती वस्ती झाली, ती ओगलेवाडी. वीज नव्हती तेव्हा गोठ्यात, रात्रीच्या पाणी पाळीला, बाळंतिणीच्या खोलीत हाच उजेड होता. वीज आली, कंदील माळ्यावर गेला. कारखानाही पुढे बंद पडला. राहिलं काय? गावाचं नाव आणि पत्र्यावरचा ठसा.

म्हणून रंग देऊ नका असं मी म्हणत नाही. पत्रा गंजून गेला तर ठसाही जाईल. फक्त रीतीनं द्या. आधी रॉकेलच्या फडक्याने काजळी पुसा. जुना रंग असेल तर पॉलिश पेपर ओला करून घासा, त्या रंगात शिसं असू शकतं, धूळ नाकात जायला नको. गंज निघाला की रेड ऑक्साइडचा एक पातळ हात, वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात. ठशावर रंग साचू देऊ नका, अक्षरं ओली असतानाच कोरड्या ब्रशने मोकळी करा. बर्नर आणि हवेची भोकं रंगवायची नाहीत. बाजूच्या नळ्या शोभेच्या नाहीत, त्यातून ज्योतीला हवा जाते. कंदील पेटवणार असाल तर टोपी तापते, तिथे साधा ऑइल पेंट जळतो, उष्णता सोसणारा रंग लागतो. आणि टाकी गंजून पातळ झाली असेल तर ती नुसती शोभेलाच ठेवा.

रंगवण्याआधी ठशाचा फोटो मात्र काढा. कंदील कोणाचा, कोणत्या वाडीतला, कोण वापरायचं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. आपल्याकडच्या वाचनालयांनी यासाठी एक वही ठेवली तरी पुष्कळ झालं. कारखान्याचा इतिहास कोणीतरी पुस्तकात लिहील. कंदील कोणाच्या हातात होता, ते आपल्यालाच लिहावं लागेल.