फ्रेंच कन्व्हर्टिबल मोटारींच्या प्रतिकृतींचा संग्रह

उघड्या टपाच्या जुन्या फ्रेंच मोटारींच्या लहान प्रतिकृती जमवण्याचा छंद. मुख्य प्रमाण १:४३. ते ओ गेज खेळण्यातल्या आगगाड्यांच्या मापावरून रूढ झाले. सोलिदो (१९३२), लियाँजवळची नोरेव्ह (१९४६) आणि बोबिन्यीच्या कारखान्यातील फ्रेंच डिंकी हे संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाचे उत्पादक.

सर्वाधिक मान सित्रोएन डीएस देकापोताब्लला, म्हणजे उघड्या टपाच्या डीएसला आहे. आंरी शाप्राँ यांच्या कार्यशाळेत १९६० पासून बांधलेल्या या मोटारी दीड हजारांच्याही आत राहिल्या, म्हणून बहुतेकांना ती प्रतिकृतीतच परवडते. १:४३ मापात तिची लांबी सुमारे ११ सेंमी. भरते. टप नसल्याने आसने, एकदांडी सुकाणूचक्र, डॅशबोर्ड सगळे उघडे पडते. कारागिरीची खरी परीक्षा इथेच होते. काचेची बारीक चौकट मात्र हाताळताना आधी मोडते.

नोरेव्हच्या सुरुवातीच्या प्लॅस्टिक गाड्या काळाने वाकतात, तर युद्धपूर्व जस्त-मिश्रधातूच्या गाड्यांना शिशाच्या अशुद्धीमुळे तडे जाऊन त्यांचा भुगा होतो. यावर इलाज नाही. खरेदीआधी खालची बाजू तपासावी. मूळ खोका असल्यास किंमत बरीच वाढते. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, म्हणून कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

भारतात उघड्या टपाच्या फ्रेंच मोटारी दुर्मीळच. प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९९० च्या दशकात कल्याणला प्यूजो ३०९ बांधली, पण ती बंद टपाची. कोलकात्यात डिंकीच्या साच्यांवर निघालेल्या ‘निकी टॉइज’च्या प्रतिकृती मात्र आज परदेशी संग्राहकही शोधतात.