पायली, वाटी आणि मोबाइल

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. ज्या गटांनी फराळाच्या ऑर्डरी घेतल्यात, तिथं आता भाजणीची गडबड चालू असेल. आमच्याकडंही तीच आहे.

गेल्या आठवड्यात बैठकीत बचत गोळा करून झाली, वही मिटली, आणि गटातल्या सगळ्यात धाकट्या सुनेनं मोबाइल तोंडाजवळ धरून विचारलं, “पाच किलो चकलीला भाजणी किती लागेल?” मोबाइलनं न अडखळता मराठीत उत्तर दिलं. तांदूळ इतके ग्रॅम, हरभरा डाळ इतकी, मोहन इतकं. सगळ्या बघत राहिल्या. आमच्या थोरल्या काकू सत्तरीपुढच्या आहेत, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. त्यांनी डाळ निवडता निवडता एवढंच विचारलं, “ह्यानं कुणाच्या मापानं सांगितलं गं?”

आम्ही हसलो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. खरंच, आपल्या स्वयंपाकघरात माप आलं कुठून? ते कुणाचं होतं? आजचं बोलणं त्यावरच आहे.

आपल्या आज्यांच्या काळात धान्य तराजूवर नाही, मापानं मोजत. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. त्यापुढं मण आणि खंडी. गूळ, साखर, तूप मात्र तराजूवर. तिथं ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण. म्हणजे शेरसुद्धा दोन, एक मापाचा आणि एक वजनाचा. त्यात भर म्हणजे पायली सगळीकडं सारखी नव्हती. एका बाजारातली पायली दुसऱ्या बाजाराच्या पायलीला जुळेलच असं नाही. शिवाय माप सपाट भरायचं की शीग लावून, यावर पसाभर धान्याचा फरक पडायचा. उसनं देताना सपाट आणि परत घेताना शिगोशीग, असा सावकाराचा हिशेब जुनी माणसं अजून सांगतात. ‘मापात पाप’ हा शब्द असाच तोंडी बसलेला आहे. ज्याच्या हातात माप, त्याच्या हातात खळं.

घरात बाईचं माप आणखी वेगळं होतं. मूठ, पसा, ओंजळ, चिमूट. ते कुठल्या कायद्यात नव्हतं आणि कुठल्या पुस्तकातही नव्हतं. तरी त्यात हिशेब होता. चकलीच्या भाजणीचंच बघा. कितीतरी घरांत ती चार-दोन-एक अशी ठरलेली असते. चार भाग तांदूळ, दोन भाग हरभरा डाळ, एक भाग उडीद डाळ, वर मूठभर धणे आणि थोडे जिरे. भाग कशानं मोजायचा ते सांगायची गरजच नाही. मापट्यानं मोजा, वाटीनं मोजा, चेपलेल्या डब्यानं मोजा, भाजणी तीच होते. लिहिता येत नसलेल्या बाईनं डोक्यात ठेवायला याहून सोपं काय असणार? सासूनं सुनेला सांगितलं, सुनेनं तिच्या सुनेला. गावाची पायली बदलली तरी चार-दोन-एक बदललं नाही.

मग हे लिहून कुणी ठेवलं? मराठीत पाककृतींची छापील पुस्तकं आली ती दीडशे वर्षांपूर्वी. ‘सूपशास्त्र’ हे पुस्तक १८७५ सालचं, आणि त्याचे लेखक होते रामचंद्र सखाराम गुप्ते. म्हणजे रांधायच्या बाया आणि लिहायचे पुरुष! पुढं १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ आलं. बाईनं बायकांसाठी लिहिलेलं हे मोठं काम होतं. पण ते वाचणार कोण? शहरातल्या शिकलेल्या घरच्या बाया. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायांपैकी नऊजणींनासुद्धा लिहिता-वाचता येत नव्हतं. आपल्या आज्या त्या उरलेल्या एक्याण्णवांत होत्या. त्यांची भाजणी पुस्तकाबाहेरच राहिली.

मग आला किलो. आधी पैसे बदलले. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. वजनमापाचा कायदा १९५६ साली झाला होता. ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम वापरात यायला लागले आणि पुढच्या तीन-चार वर्षांत ते देशभर सक्तीचे झाले. वजनाचा जुना शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. किलो त्याहून थोडा जास्त. कल्पना करा, बाजाराला गेलेल्या बाईला एकाच वेळी आण्याचे पैसे करायचे आणि शेराचा किलो करायचा. तिला अक्षरओळख नाही, आणि दुकानदार सांगेल तोच हिशेब. फसवणूक झाली नसेल तर नवलच. पण एक फायदाही झाला, तो विसरून चालणार नाही. आता कुठल्याही गावचा किलो एकच. वजनावर सरकारी शिक्का आला. खोट्या वजनाची तक्रार करायला जागा आली.

दुकानात किलो आला तरी घरात तराजू कुठं होता? ही अडचण सोडवली एका बाईनं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पुस्तक आलं. त्या शाळेत फार शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांनी ओळखलं की प्रत्येक घरात वाटी आणि चमचा असतो. त्यांनी प्रमाण दिलं ते वाटी-चमच्याचं. ‘अंदाजानं घाला’ या एका शब्दावर नव्या सुना रडकुंडीला येत, त्यांना आधार मिळाला. लग्नात आहेर म्हणून हे पुस्तक द्यायची पद्धतच पडली. चार-दोन-एकची युक्ती आपल्या आज्यांकडंही होती, कमलाबाईंनी ती कागदावर आणली.

माप म्हणजे नुसती पाककृती नव्हे, मापात पैसाही आहे. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढं लिज्जत पापड झालं. तिथं बाई पीठ वजन करून घरी नेते, पापड लाटून आणते आणि किलोवर मजुरी घेते. घरचं लाटणं, त्याला कधी कुणी मजुरी मोजली नव्हती, ते किलोवर आलं आणि बाईच्या हातात पैसा आला.

१९७२ साल आठवणाऱ्या बाया अजून आपल्यात आहेत. दुष्काळाचं साल. रोजगाराच्या कामावर खडी फोडलेली, रेशनवर लाल मिलो खाल्लेली माणसं सांगतात, त्या वर्षी सणाला तेल बघायला मिळालं नाही. त्याच साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा बायांनी महागाईविरुद्ध लाटणं मोर्चे काढले. हजारो बाया ताटल्या बडवत रस्त्यावर आल्या. मागणी काय होती? रास्त भावात धान्य द्या, तेल द्या, साखर द्या. आमच्या वाट्याचं माप पुरं भरा.

आता आमची गोष्ट. बचत गटांना बँकेशी जोडायचं काम नाबार्डनं १९९२ साली सुरू केलं. आमचा गट पुष्कळ नंतरचा. पहिली मोठी ऑर्डर मिळाली ती शंभर पुड्या चकलीची, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या. आमच्याकडं जुना काटा होता आणि काकूंचा हात होता. पुडी भरली की काकू वरून दोन चकल्या टाकायच्या. “गिऱ्हाइकाला कमी जायला नको.” माल गेला, पैसे आले, आणि हिशेबाला बसलो तर मजुरी निघेना. पुन्हा बेरीज केली, पुन्हा तेच. शेवटी घरी ठेवलेल्या दोन पुड्या किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवल्या. एकीत पस्तीस ग्रॅम जास्त, दुसरीत चाळीस. शंभर पुड्यांना साडेतीन किलोच्या वर चकली फुकट गेली होती. आम्ही फसवलं नव्हतं, आम्हाला कुणी फसवलं नव्हतं. शीग लावायची सवय, तिनं आमची मजुरी खाल्ली. त्या वर्षी दहाजणींनी रात्र-रात्र जागून काम केलं होतं. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत नीट.

पुढच्या महिन्यात गटानं डिजिटल काटा घेतला. काकू त्याच्याकडं बघायच्या नाहीत. त्यांना वाटलं, हा आपल्या हातावर अविश्वास आहे. आम्हीही समजावण्यात कमी पडलो, हे कबूल करायला पाहिजे.

आणि आता हा मोबाइल. २०१६ साली यूपीआय आलं, आणि हळूहळू आठवडी बाजारातसुद्धा चौकोनी चित्राचा कागद लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि यंत्राशी माणसासारखं बोलता यायला लागलं. याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. हे यंत्र शिकतं कसं, ते सोप्या शब्दांत सांगतो. माणसांनी लिहिलेलं ढीगभर वाचून कोणत्या शब्दापुढं कोणता शब्द येतो ते ते शिकतं, आणि त्यावरून उत्तर जुळवतं. म्हणजे जे लिहिलं गेलं, ते त्याला ठाऊक. आणि आपल्या आज्यांनी काय लिहून ठेवलं होतं? काकूंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. मोबाइलनं सांगितलं ते लिहिणाऱ्यांच्या मापानं.

आम्ही करून पाहिलं. मोबाइलच्या मापानं अर्धा किलो पिठाचा एक घाणा काढला. मोहन जास्त होतं, चकल्या तेलात विरघळल्या. तोच प्रश्न परत विचारला तर मोहनाचा आकडाच बदलला, आणि सांगायचा ठसका मात्र तोच. मोहन कडकडीत हवं, हे त्यानं एकदाही सांगितलं नाही.

मग सुनेनंच युक्ती काढली. तिनं काटा मांडला, वर वाटी ठेवली आणि म्हणाली, “काकू, भाजणीला घालता तेवढे मूठभर धणे टाका.” काकूंनी टाकले. २२ ग्रॅम. “परत टाका.” २३. “अजून एकदा.” २२. सगळ्या गप्प झाल्या. काकूंनी विचारलं, “काय झालं, चुकलं काय?” आम्ही म्हणालो, “काकू, चुकलं नाही. तुमची मूठ काट्याइतकी पक्की आहे.” त्या दिवसापासून काकू काट्याजवळ बसायला लागल्या.

आता आमच्या वहीत काकूंची भाजणी त्यांच्या नावानं लिहिली आहे, भागांतही आणि ग्रॅममध्येही. मोहन किती, तेल किती तापलं की सोऱ्या धरायचा, तुटली तर काय, विरघळली तर काय, हे सगळं त्यांच्या आवाजात मोबाइलवर घेतलं आहे. ते इंटरनेटवर टाकायचं का, यावर गटात दोन मतं आहेत. एक म्हणते, टाकलं तर जगाला कळेल, यंत्रही शिकेल. दुसरी म्हणते, उद्या कुणी ती आपल्या नावानं विकली तर? काकू म्हणाल्या, “आधी माझ्या नातसुनेला येऊ दे.” तूर्त ठराव तोच झाला आहे.

मोबाइल वाईट, असं आमचं म्हणणं नाही. पुडीवरच्या चिठ्ठीचा मजकूर, खर्चाची बेरीज, गुजराती गिऱ्हाइकाला निरोप, या कामांना तो आम्हाला उपयोगी पडतो. लाल मिरचीसुद्धा सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेली परकीच, आज तिच्याविना चकली होत नाही. फक्त त्याचं उत्तर एका छोट्या घाण्यात तपासा, सबंध ऑर्डरीत नको. आणि सणाच्या गर्दीत एक ध्यानात ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

या दिवाळीला एक काम करा. घरातल्या किंवा शेजारच्या थोरल्या बाईला काट्याजवळ बसवा, तिची मूठ तीनदा मोजा आणि वहीत तिचं नाव घालून लिहून ठेवा. आकडा किती आला, ते पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा. आम्हालाही कळवा. दिवाळी सुखाची जावो. नमस्कार.