पैनगंगेपर्यंतची पायवाट

तुर्कस्तानात खेड्यापाड्यांतून पायी फिरण्याची हौस अलीकडे वाढली आहे. भूमध्य समुद्राकाठची 'लिशियन वाट' 1999 मध्ये आखली गेली. पुढे सतराव्या शतकातील प्रवासी एवलिया चेलेबी यांच्या नावानेही एक वाट तयार झाली. देशोदेशीचे लोक पाठीवर सामान घेऊन चार-आठ दिवस या वाटांनी चालतात. त्या मुलखातली मेहमाननवाजी मात्र फार जुनी आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता तेथे गेला, तेव्हा गावोगावच्या 'अखी' मंडळींनी त्याचे स्वागत केले. हे कारागीर तरुण दिवसाची कमाई एकत्र करून मुसाफिरांना जेवू घालत. लादिक गावात तर पाहुणा कोणी न्यायचा यावरून दोन गटांत भांडण जुंपले. शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

अशी एक वाट आपल्या यवतमाळ जिल्ह्यातूनही गेली आहे, याची आठवण मात्र कमी लोकांना आहे. मार्च 1951 मध्ये विनोबा भावे हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी पवनारहून पायी निघाले. राळेगाव, पांढरकवडा, पाटणबोरी असे मुक्काम करीत त्यांनी पैनगंगा ओलांडली आणि आदिलाबाद गाठले. आर्णी या वाटेच्या पश्चिमेला, अरुणावतीच्या काठी आहे. आपली अरुणावती शेवटी त्याच पैनगंगेला मिळते.

तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि नदीपलीकडे हैदराबाद राज्य होते. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईला तीन वर्षेही झाली नव्हती. त्या काळात मराठवाड्यातील मुसलमानांवर जे गुजरले, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने केली. पण तिचा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. तेलंगणात जमिनीवरून सशस्त्र लढा चालू होता. अशा मुलखात एक मनुष्य शस्त्र न घेता, पायी शिरला. 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीत 40 दलित कुटुंबांनी त्याच्याकडे 80 एकर जमीन मागितली आणि गावातल्याच रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली. भूदानाचा जन्म असा झाला. मोटारीने भुर्रकन जाणाऱ्याला हे मागणे ऐकू आले असते का?

भूदानाचे यश अपुरे होते, हेही सांगितले पाहिजे. 40 लाखांहून अधिक एकर जमीन कागदावर मिळाली. त्यातली बरीच नापीक वा वादग्रस्त निघाली आणि मोठा भाग वाटलाच गेला नाही. 1979 मध्ये गोहत्याबंदीसाठी विनोबांनी केलेले उपोषण तर खाटीक आणि कुरेशी घरांना विसरता येणार नाही. त्यांचे सगळेच आपण मान्य करावे असे नाही.

तरीही एक गोष्ट उरते. फाळणीनंतर मेवातच्या उजाड झालेल्या मेव मुसलमानांना पुन्हा वसविण्यासाठी विनोबा त्यांच्यात जाऊन राहिले. कुरआन समजावा म्हणून ते अरबी शिकले, वर्षानुवर्षे त्याचा अभ्यास केला आणि निवडक आयतींचा संग्रह काढला. 1962 मध्ये तो प्रसिद्ध होण्याआधीच पाकिस्तानातील वर्तमानपत्रांतून टीका झाली. त्याच सप्टेंबरात ते पूर्व पाकिस्तानातून 16 दिवस पायी चालले आणि तेथील मुसलमान शेतकऱ्यांनीही त्यांना जमीन दिली.

शेजाऱ्याची लिपी शिकणे आणि शेजाऱ्याच्या गावातून चालणे ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. पायी आलेल्या माणसाला पाणी मागावे लागते, ओसरीवर बसावे लागते, समोरच्याचे ऐकावे लागते. कुरआनही जमिनीवर फिरा आणि पूर्वीच्यांचे काय झाले ते पाहा, असे वारंवार बजावतो.

आज आपल्या तालुक्यांत उर्दू शाळेची मुले आणि मराठी शाळेची मुले एकाच रस्त्याने जातात. पण एकमेकांच्या अंगणात क्वचितच बसतात. शाळांच्या सहली बसने जातात आणि बसनेच परततात. राळेगाव ते पाटणबोरी ही वाट दोन्ही शाळांच्या मुलांनी मिळून चालावी. रोज थोडे चालावे, एका मुक्कामाला मशिदीजवळच्या घरी उतरावे, दुसऱ्याला विठ्ठल मंदिराजवळच्या. इतिहासाचा जो धडा त्यांना पुस्तकात सापडत नाही, तो पैनगंगा दिसेपर्यंत पाठ झालेला असेल.