लायटर (गिरिभ्रमणातील)

डोंगरावरील मुक्कामात स्टोव्ह, चूल किंवा मेणबत्ती पेटवण्यासाठी खिशात बाळगायचे साधन. या नोंदीत ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील भटक्यांच्या गरजेपुरता विचार केला आहे. कसारा लोकलने रतनगड-कळसूबाईकडे, आसनगावला उतरून माहुलीवर किंवा माळशेजच्या रस्त्याने खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगडावर जाणारी मंडळी पुढे कधीतरी हिमालयातही जातात आणि बहुधा तोच लायटर सोबत नेतात. दोन्हीकडे तो वेगवेगळ्या कारणांनी दगा देतो.

सह्याद्रीतील अडचण : कळसूबाई (१,६४६ मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. तिथल्या हिवाळी रात्री बोचऱ्या असल्या तरी गॅस गोठवण्याइतकी थंडी सहसा पडत नाही. इथला खरा शत्रू ओल आहे. पावसाळ्यात गुहेतही काड्या सादळतात, आणि डिसेंबरात पहाटेच्या दवाने सॅकच्या बाहेरच्या कप्प्यातला लायटर ओला होतो. चाक आणि दगड यांच्यामध्ये पाणी शिरले की ठिणगी पडत नाही. अशा वेळी अंगठ्याने जोर लावत बसू नये. फुंकर मारून पाणी उडवावे, चाक कोरड्या कापडावर बराच वेळ फिरवावे, मग पेटवून पाहावे.

थंडी व उंची : स्वस्त लायटरमध्ये मुख्यतः ब्युटेन किंवा आयसोब्युटेन असते. समुद्रसपाटीला ब्युटेन –०.५° से.ला, आयसोब्युटेन सुमारे –१२° से.ला आणि प्रोपेन –४२° से.ला उकळते. तापमान याखाली गेले की द्रवाची वाफ पुरेशा दाबाने बाहेर येत नाही. ठिणगी पडते, ज्योत लागत नाही. उंचीवर हवेचा दाब घटत असल्याने उत्कलनबिंदूही खाली येतो. ४,००० मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के असतो, म्हणून ब्युटेन तिथे साधारण –१३° से.पर्यंत वाफ देऊ शकते. मात्र विरळ हवेत वायू व प्राणवायू यांचे प्रमाण बिघडते. निळा, जोरकस झोत देणाऱ्या लायटरला याचा सर्वाधिक फटका बसतो. वाऱ्यात न विझणारा म्हणून हाच प्रकार विकत घेतला जातो आणि साधारण ३,००० मीटरच्या वर तोच आधी रुसतो. गारठलेला साधा लायटर दोन-तीन मिनिटे मुठीत किंवा काखेत धरला की बहुधा पुन्हा चालतो.

प्रकार : चाकाच्या लायटरमधील ‘दगड’ हा दगड नसून लोखंड व सिरियम यांचा मिश्रधातू असतो. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये त्याचे एकस्व घेतले. खटक्याच्या लायटरमध्ये स्फटिकावर आघात करून वीज निर्माण करतात. हा परिणाम पिएर व जाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. घरातील शेगडी पेटवायचा लांब दांड्याचा लायटरही बहुधा याच जातीचा. तो फक्त ठिणगी देतो. त्याने गॅसचा स्टोव्ह पेटेल, मेणबत्ती किंवा लाकूड पेटणार नाही. नॅफ्थावरील झिपोसारखा लायटर थंडीत व वाऱ्यात टिकाव धरतो, पण त्यातील इंधन न वापरताही आठवड्या-दोन आठवड्यांत उडून जाते.

काडेपेटी व अंबरनाथ : लायटरच्या चर्चेत काडेपेटी मागे पडते, हा अन्याय आहे. काडीच्या गुलात वाफ होऊन बाहेर पडावे लागणारे इंधन नसते. तिला थंडी बाधत नाही, फक्त कोरडेपणा लागतो. या पट्ट्याचा तर काडेपेटीशी जुना संबंध आहे. १९२२ मध्ये आयात काडेपेट्यांवरील जकात ग्रोसला दीड रुपया झाली. जकात चुकवायची तर माल इथेच करणे भाग होते. १९२३ मध्ये स्वीडिश मॅच या उद्योगसमूहाने वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी (विम्को) स्थापन केली आणि कल्याणच्या पुढे अंबरनाथला कारखाना उभा राहिला. जहाज छाप काडेपेटी याच कंपनीची. भारतीय काड्यांसाठी सावरीचे मऊ, हलके लाकूड मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. क्रिकेट हे लायटरही पुढे याच स्वीडिश समूहाचे, म्हणजे काडी आणि लायटर यांना एकच मालक लाभला. २००५ मध्ये विम्कोचा ताबा आयटीसीकडे गेला. अंबरनाथ पश्चिमेला विम्को नाका हे नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी आजही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये काडेपेटीची किंमत चौदा वर्षांनी एक रुपयावरून दोन रुपये झाली. स्वस्त लायटरमुळे दक्षिणेतील काडेपेटी उद्योग अडचणीत आल्याची तक्रार वाढल्यावर जून २०२३ मध्ये वीस रुपयांपेक्षा कमी आयातमूल्याच्या लायटरच्या आयातीवर केंद्र सरकारने बंदी घातली.

चकमक : गारगोटी, पोलाद व सावरीचा कापूस, आता क्वचित.

निवड : चाकाचा, पारदर्शक टाकीचा, ज्योत कमी-जास्त करता येणारा लायटर घ्यावा. टाकीवर इंधनाचे मिश्रण सहसा छापलेले नसते, त्यामुळे परीक्षा घरीच करावी. तासभर फ्रीजरमध्ये ठेवून, बाहेर काढताच चाक पुसून पेटवून पाहावा. न पुसल्यास डोंबिवलीच्या दमट हवेत त्यावर पाणी धरते आणि गॅस ठीक असूनही लायटर वाया गेला असे वाटते. दोन लायटर दोन वेगळ्या माणसांकडे द्यावेत, एक आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावा. काड्या व पेटीची घासपट्टी घट्ट झाकणाच्या डबीत वेगळी ठेवावी. पट्टी भिजली तर कोरड्या काड्यांचाही उपयोग नाही, कारण तांबडा फॉस्फरस पट्टीवर असतो. लायटर मुख्य आणि काडेपेटी राखीव, की उलट, याबाबत अनुभवी भटक्यांत एकमत नाही.

कायदा : १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम २६ प्रमाणे राखीव वनात बिनपरवाना आग पेटवणे, इतकेच नव्हे तर आग घेऊन फिरणेही गुन्हा ठरू शकतो. माहुली तानसा अभयारण्यात, तर हरिश्चंद्रगड व कळसूबाई त्याच नावाच्या अभयारण्यात येतात. तेथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम ३० ही लागू होते. शेकोटी करू नये. उन्हाळ्याच्या तोंडी वाळलेल्या गवतात तर मुळीच नाही.

विमानप्रवास : भारतातील विमानात लायटर व काडेपेटी हातातल्या किंवा सोपवलेल्या, कोणत्याच सामानात नेऊ देत नाहीत. लेहला विमानाने जाणाऱ्यांनी ही वस्तू तिथल्या बाजारातच घ्यावी.