ताटातली भाकरी आणि शिवारातला ऊस

कोल्हापूरच्या पूर्व भागात एके काळी ज्वारीची भाकरी हे गरिबाचे अन्न होते. गव्हाची पोळी सणासुदीला होई. आज बाजारात चांगल्या शाळूचा भाव अनेकदा गव्हाहून चढा असतो. हा पालट कसा घडला, याचा मागोवा घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली. गुळाच्या व्यापाराने ती नावारूपास आली. १९०७ साली त्यांनी भोगावतीवरील राधानगरी धरणाची योजना हाती घेतली. ते पूर्ण झाले मात्र स्वातंत्र्यानंतर. पुढे सहकारी साखर कारखाने निघाले, नद्यांवर उपसा योजना बसल्या आणि पंचगंगेचे खोरे उसाने भरून गेले. यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. उसाला ठरलेले गिऱ्हाईक होते आणि सरकारने बांधून दिलेला किमान दरही होता. ज्वारीचा हमीभाव बहुधा कागदावरच राहिला. मुलांची शिक्षणे आणि पक्की घरे उसानेच दिली.

इकडे ताटही बदलले. हरितक्रांतीनंतर गहू मुबलक झाला, रेशनवर स्वस्त मिळू लागला. खाणारा पोळीकडे वळला, तशी ज्वारीची पेर घटली. आता मधुमेहाच्या धास्तीने शहरे पुन्हा भाकरी मागू लागली आहेत. संयुक्त राष्ट्रांनीही २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष पाळले. परंतु शिवारात ज्वारीच कमी, मग भाव चढणारच. शिवाय ज्वारीबरोबर गुरांचा कडबाही गेला.

सर्वांत मोठी किंमत भूमीने मोजली. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा राहतो. त्याला पाटाने मोकाट पाणी दिले, वर रासायनिक खते टाकली. निचऱ्याकडे मात्र दुर्लक्ष झाले. शिरोळ तालुक्यातील कितीतरी काळ्याभोर जमिनी त्यामुळे क्षारपड झाल्या. जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून हे क्षार धुऊन काढण्याच्या कामात शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने पुढाकार घेतला आहे. हे काम खर्चिक आहे, तरी त्याने पडीक राने पुन्हा पिकू लागली आहेत.

ऊस मोडून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. पाणी ठिबकने द्यावे, निचऱ्याचे चर राखावेत, उसाच्या खोडव्यानंतर एखादा हंगाम शाळू किंवा हरभरा घ्यावा, एवढे तरी साधण्याजोगे आहे. शहरातल्या कुटुंबांनी शेजारच्या गावची ज्वारी रास्त भावाने घेतली, तर त्या शेतकऱ्याला हे धाडस परवडेल. वाडवडिलांनी आपल्याला गोडी जमीन दिली. खारी जमीन मुलांच्या हाती ठेवणे आपल्याला शोभणार नाही.